कात्री नेमकी कुठे ठेवायची?

पार्सल उघडायचं असतं आणि कात्री हवी असते. पहिला खण, दुसरा खण, तिसरा. कात्री सापडते ती भलत्याच ड्रॉवरमध्ये, आणि तोवर पार्सल किल्लीने फाडून झालेलं असतं. यावरून घरात बोलाचाली होते, कोणाच्या तरी सवयी निघतात. मला मात्र हा स्वभावाचा कमी आणि गणिताचा जास्त प्रश्न वाटतो. त्याचं बरंचसं उत्तरही माणसाने शोधलेलं आहे, फक्त ते घरासाठी शोधलं नव्हतं.

समजा, दहा खण आहेत आणि हवी ती वस्तू त्यांतल्या कुठल्याही खणात असू शकते. एकेक उघडत गेलं तर सरासरी साडेपाच खण उघडावे लागतात. पण घरातल्या सगळ्या वस्तू सारख्याच वेळा लागत नाहीत. कात्री रोज लागते, मोजपट्टी महिन्यातून एकदा, आणि भिंतीला भोक पाडायचं यंत्र वर्षाकाठी एकदा. जॉर्ज झिफ या भाषाअभ्यासकाने दाखवून दिलं होतं की, लेखनात सर्वांत जास्त येणाऱ्या शब्दाच्या साधारण निम्म्या वेळा दुसऱ्या क्रमांकाचा शब्द येतो, एक तृतीयांश वेळा तिसऱ्या क्रमांकाचा, आणि असंच पुढे. कमीत कमी श्रमाचं तत्त्व समजावताना १९४९ मध्ये त्याने उदाहरण घेतलं ते कारागिराचं: जे हत्यार सारखं लागतं ते हाताजवळ, क्वचित लागणारं दूर. घरातल्या वस्तूंचा वापरही असाच उतरत जातो असं धरून दहा वस्तू वापराच्या क्रमाने लावल्या, तर सरासरी साडेपाचऐवजी ३.४ खण उघडावे लागतात. वस्तू शंभर असतील तर ५०.५ ऐवजी १९.३. वस्तू जितक्या जास्त, तितका क्रमाचा फायदा मोठा.

आता अडचण अशी की कुठली वस्तू किती लागेल हे आधी कळत नाही. नेमकी हीच अडचण १९६० च्या दशकात संगणक बांधणाऱ्यांपुढे होती. वेगवान स्मृती महाग आणि थोडी, मोठी स्मृती स्वस्त पण संथ. मँचेस्टरमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस संगणकात या दोन्ही प्रकारच्या स्मृतींत माहितीची आपोआप ने-आण होत असे. जवळची जागा भरली की काहीतरी मागे पाठवावं लागे. काय पाठवायचं? लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये आदर्श उत्तर मांडलं: जे सर्वांत उशिरा लागणार आहे ते. भविष्य माहीत असेल तर याहून चांगलं काही नाही. भविष्य माहीत नसतं म्हणून व्यवहारात उलटं पाहतात: जे सर्वांत जास्त काळ वापरलेलं नाही ते मागे पाठवायचं. आत्ता लागलेली गोष्ट थोड्याच वेळात पुन्हा लागण्याची शक्यता मोठी असते, एवढ्या एका अनुभवावर हा नियम उभा आहे. माळ्यावर काय टाकायचं हे ठरवताना 'हे कधीतरी लागेल का?' असं आपण स्वतःला विचारतो, आणि उत्तर नेहमी 'हो' येतं. 'हे शेवटचं कधी लागलं होतं?' हा प्रश्न त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

टेबलावरच्या कागदांच्या ढिगाबद्दलही गणिताला सांगण्यासारखं आहे. ढिगातून एक कागद काढला, काम झालं, परत सर्वांत वर ठेवला. असं वर्षभर केलं की रोजचे कागद आपोआप वर राहतात आणि जुने तळाशी जातात. डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की, एकेक करून शोधाव्या लागणाऱ्या यादीत वापरलेली गोष्ट पुढे आणून ठेवण्याची ही साधी पद्धत, पुढे काय लागणार हे आधीच ठाऊक असणाऱ्या सर्वोत्तम पद्धतीच्याही दुपटीहून फारशी महाग पडत नाही. म्हणजे तो ढीग दिसायला वाईट असला तरी त्यात एक शिस्त असते. ढीग उपसून विषयवार फायली करणाऱ्याने आधी याचा विचार करावा.

पण इथे मी संगणकाची साथ सोडतो, कारण माणूस एकेक खण उघडत शोधत नाही. तो आठवतो. आपल्या मेंदूला जागेची जाण फार चांगली आहे. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्याचं जाहीर केलं, ज्या प्राणी ठरावीक ठिकाणी असतानाच सक्रिय होतात. पुढे २०१४ मध्ये त्यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्यासह नोबेल मिळालं. जागेशी बांधलेली आठवण टिकाऊ असते. म्हणूनच एका उत्साही रविवारी सगळं घर लावून काढलं की पुढचे कित्येक दिवस काहीच सापडत नाही. नवी जागा सुटसुटीत असते, पण हात जुन्याच खणाकडे जातो. जुनी आठवण पुसली जात नाही, ती नव्या आठवणीच्या आड येत राहते. घर सारखं 'सुधारत' राहणं हा त्यामुळे तोट्याचा व्यवहार आहे. वापराप्रमाणे एकदा नीट लावावं, आणि मग बराच काळ हात लावू नये.

नवी जागा ठरवायची तर एक सोपी चाचणी आहे. वस्तू हरवली की सर्वांत आधी तुम्ही कुठे शोधलीत ते लक्षात ठेवा. सापडल्यावर ती तिथेच ठेवा, ती सापडली तिथे नाही. मेंदूने जागा आधीच निवडलेली असते.

आणि कात्रीपुरतं बोलायचं तर संगणकाची आणखी एक युक्ती उपयोगी पडते: प्रती. लागणाऱ्या माहितीची प्रत तो जवळच्या, वेगवान स्मृतीतही ठेवतो. तीन खोल्यांत कात्री लागत असेल तर तीन कात्र्या ठेवाव्यात. ही उधळपट्टी नाही. महत्त्वाची कागदपत्रं आणि किल्ल्या यांना मात्र हे लागू नाही. त्यांना एकच जागा हवी.

वापराचा नियम काही वस्तूंपुढे सपशेल चुकतो. आग विझवायचं नळकांडं कदाचित आयुष्यात एकदाही लागणार नाही, त्या हिशेबाने ते माळ्यावर जायला हवं. पण ते लागेल तेव्हा अर्धा मिनिटाचा उशीरही परवडणार नाही. प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा पाना, या सगळ्यांच्या बाबतीत किती वेळा लागतं याला उशिराची किंमत किती याने गुणावं लागतं.

जागा निवडताना शेजारही पाहावा. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे बुरशी का धरते? खोलीत ३० अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे असं समजा. भिंत २५ अंशांवर असेल तर तिला लागलेल्या हवेची आर्द्रता, बाष्प तेवढंच असूनही, ८० टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. कपाट चार बोटं पुढे ओढलं की हवा खेळते. औषधं न्हाणीघरात ठेवू नयेत, तिथली वाफ आणि उष्णता गोळ्यांना मानवत नाही. पावत्यांचा गुळगुळीत कागद उष्णतेने उमटणारा असतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात त्यावरची अक्षरं उडू शकतात, म्हणून हमीची पावती असेल तर तिचा फोटो काढून ठेवावा. क्लोरीनयुक्त ब्लीच आणि ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर एका फळीवर कधीही नको, कारण ते मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. किरकोळ वस्तूंच्या ड्रॉवरमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी किल्ल्यांसोबत सुटी टाकू नये. तिची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात, धातू आडवा आला की ती तापते आणि आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावली की काम झालं.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट राहिलीच. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात एक कल्पना मांडली: एकत्र राहणारी माणसं आठवणी वाटून घेतात, आणि प्रत्येकाला एवढंच माहीत असतं की अमुक गोष्ट कोणाला विचारायची. घरात ही वाटणी बहुतेक वेळा समान नसते. 'आई, माझं अमुक कुठे आहे?' असा प्रश्न ज्या घरात दिवसातून दहा वेळा विचारला जातो, तिथे सगळ्या घराची अनुक्रमणिका एकाच डोक्यात असते. त्या डोक्याला ना सुट्टी ना विश्रांती, आणि ती व्यक्ती चार दिवस आजारी पडली की घर आंधळं होतं. पारदर्शक डबा, डब्यावर ठळक अक्षरांतली चिठ्ठी, कपाटाच्या दाराआड लावलेली यादी, यांचा खरा उपयोग हा आहे. त्या अनुक्रमणिकेची प्रत त्या डोक्याबाहेर निघते.

टॉर्चला मात्र चिठ्ठीचा उपयोग नाही, कारण तो लागतो तेव्हा वाचायला उजेड नसतो. त्याची जागा हाताला माहीत असावी लागते, आणि घरातल्या प्रत्येक हाताला. आमच्याकडे तो दाराच्या चौकटीशेजारी, सर्वांत लहान माणसाचा हात पोचेल अशा खिळ्यावर आहे. नवा रंग देताना भिंतीवरचं बाकी सगळं हललं, तो खिळा हलवला नाही.