वेब सर्व्हरवरील मॉड्यूल-स्थापना व दोषनिवारण

पर्ल, पीएचपी, पायथन, रुबी यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषांत लिहिलेले संकेतस्थळ केवळ भाषेच्या गाभ्यावर क्वचितच चालते. डेटाबेसशी जोडणी, चित्रांचा आकार बदलणे, एक्सएमएल वाचणे अशा कामांसाठी स्वतंत्र भाग बसवावे लागतात. पर्ल व पायथनमध्ये त्यांना मॉड्यूल म्हणतात, पीएचपीत एक्स्टेन्शन, तर रुबीत जेम. याशिवाय भाषा आणि सर्व्हर यांना जोडणारा दुवाही बरेचदा मॉड्यूलच असतो. अपाची सर्व्हरची मॉड-पीएचपी, मॉड-पर्ल आणि मॉड-डब्ल्यूएसजीआय ही त्याची परिचित उदाहरणे. त्यामुळे बिघाड दोन थरांत होऊ शकतो. सर्व्हरला भाषाच सापडत नाही, किंवा भाषेला तिचे मॉड्यूल सापडत नाही. यांतला कोणता थर बिघडला आहे हे आधी ठरवले नाही, तर पुढची सगळी खटपट भलत्याच ठिकाणी होते.

पहिल्या थरातला बिघाड ओळखणे सोपे असते. पान दिसण्याऐवजी कोड जसाच्या तसा ब्राउझरमध्ये उघडा पडतो किंवा फाइल डाउनलोड होऊ लागते. त्या प्रकारची फाइल कोणाकडे चालवायला द्यायची हे सर्व्हरला कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो ती साधा मजकूर समजून पाठवून देतो. हा प्रकार गंभीर आहे. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल, तर तो पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती गेलेला असतो. दुरुस्तीनंतर पासवर्ड बदलणे हा निवारणाचाच भाग समजावा.

दुसऱ्या थरातला बिघाड बहुधा ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ किंवा कोऱ्या पानाच्या रूपात समोर येतो, आणि त्याबद्दलची तक्रार जवळजवळ ठरलेली असते: टर्मिनलवर चालते, ब्राउझरमधून चालत नाही. तक्रार करणारा खोटे बोलत नसतो. टर्मिनलवर चालणारा कार्यक्रम आणि सर्व्हरने चालवलेला कार्यक्रम यांचा वापरकर्ता वेगळा, शोधमार्ग वेगळे, कॉन्फिगरेशनची फाइल वेगळी, आणि कित्येकदा इंटरप्रिटरची (कोड वाचून चालवणाऱ्या कार्यक्रमाची) आवृत्तीही वेगळी असते. मॉड्यूल एका घरात बसवले जाते आणि शोधले जाते दुसऱ्याच घरात.

ही फारकत सर्व्हर व भाषा यांच्या जोडणीच्या पद्धतींतून आली. १९९३ पासून वापरात आलेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होऊन संपते. १९९६ मध्ये आलेल्या मॉड-पर्लने इंटरप्रिटरच अपाचीच्या पोटात बसवला आणि मॉड्यूले स्मृतीत कायम ठेवली. पीएचपीच्या ५.३.३ या आवृत्तीत (२०१०) एफपीएम ही वेगळी सेवा मूळ वितरणात आली. तिच्यात पीएचपी सर्व्हरच्या बाहेर, स्वतःच्या प्रक्रियांत चालते. पायथनने २००३ मध्ये डब्ल्यूएसजीआय हा सर्व्हर व पायथन कार्यक्रम यांच्यातील जोडणीचा करार आखून घेतला. मॉड्यूल कोणाला दिसायला हवे आणि बदलानंतर नेमके काय रिस्टार्ट करायचे, याचे उत्तर या प्रत्येक पद्धतीत निराळे आहे. एफपीएम वापरणाऱ्या यंत्रावर अपाची कितीही वेळा रिस्टार्ट केला तरी नवे एक्स्टेन्शन उमटत नाही, कारण ते वाचणारी प्रक्रिया अपाचीची नसतेच.

पीएचपीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स वितरणांवर मायएसक्यूएलआय हे मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारे एक्स्टेन्शन बसवले, टर्मिनलवर मॉड्यूलांची यादी मागितली, यादीत नाव आले. पानावर मात्र ‘फंक्शन अस्तित्वात नाही’ अशी एरर कायम. या वितरणांत प्रत्येक आवृत्तीच्या फोल्डरात टर्मिनलसाठी एक, अपाचीसाठी दुसरे आणि एफपीएमसाठी तिसरे अशी स्वतंत्र उपफोल्डरे असतात व प्रत्येकात आपापली पीएचपी-डॉट-आयएनआय ही कॉन्फिगरेशनची फाइल असते. टर्मिनलच्या फाइलमध्ये केलेला बदल संकेतस्थळाला ठाऊकच नसतो. त्यात भर म्हणजे एकाच यंत्रावर ८.२ आणि ८.३ शेजारी शेजारी असू शकतात, आणि टर्मिनल एक तर सर्व्हर दुसरी वापरत असू शकतो. एक्स्टेन्शन तर त्या-त्या आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकाशी घट्ट बांधलेले असते: ८.२ साठी हा क्रमांक २०२२०८२९, ८.३ साठी २०२३०८३१. एका क्रमांकासाठी बांधलेली फाइल दुसऱ्या फोल्डरात उचलून ठेवली, तर पीएचपी ती नाकारते आणि दोन्ही क्रमांक लॉगमध्ये लिहून ठेवते.

अशा वेळी टर्मिनलला विचारून उपयोग नाही, प्रश्न सर्व्हरलाच विचारावा लागतो. पीएचपी-इन्फो हे फंक्शन चालवणारी एका ओळीची फाइल संकेतस्थळाच्या फोल्डरात ठेवून ब्राउझरमधून उघडली की नेमकी कोणती आवृत्ती चालू आहे, कोणती आयएनआय फाइल वाचली गेली, तिच्याखेरीज कोणत्या फोल्डरातल्या फाइली वाचल्या, एक्स्टेन्शन कोठे शोधली जातात आणि ही पीएचपी थ्रेड-सुरक्षित (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या अनेक धाग्यांत बिनधोक चालणारी) आहे की नाही, हे सगळे एका पानावर मिळते. शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होते आणि तोच अनेकदा अडतो. अपाची थ्रेड वापरणाऱ्या रचनेत चालू असेल आणि मॉड-पीएचपी थ्रेड-सुरक्षित नसेल, तर अपाची सुरूच होत नाही. मग थ्रेडऐवजी स्वतंत्र प्रक्रिया वापरणाऱ्या प्रीफोर्क रचनेकडे जावे किंवा एफपीएम वापरावा. आजच्या काळात दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा. पाहून झाल्यावर ती फाइल काढून टाकणे आवश्यक आहे, कारण तीत सर्व्हरची सगळी कुंडली असते.

पर्लमध्ये मॉड्यूलांचा शोध ‘ॲट-आयएनसी’ या यादीतल्या फोल्डरांत होतो. मॉड्यूल न सापडल्यास येणारा संदेश लांबलचक असतो. त्याच्या अखेरीस पर्लने शोधलेल्या फोल्डरांची पूर्ण यादी असते. बहुतेक जण पहिले चार शब्द वाचून थांबतात, पण खरा पुरावा त्या यादीत असतो. सीपॅन या १९९५ पासूनच्या पर्ल मॉड्यूलांच्या भांडारातून सामान्य वापरकर्ता म्हणून मॉड्यूल बसवले, तर ते त्याच्या होम फोल्डरात जाते आणि तिथला पत्ता ‘पर्ल-फाइव्ह-लिब’ या चलात नोंदला जातो. ते चल लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहिलेले असते. सर्व्हरला मात्र यंत्र सुरू होताना सिस्टम-डी ही सेवा सांभाळणारी व्यवस्था चालवते. तो लॉगिन करत नाही, म्हणून ती फाइलही वाचत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘यूज लिब’ लिहून फोल्डरचा पूर्ण पत्ता देणे हा साधा आणि टिकाऊ उपाय. जुन्या स्क्रिप्टना आणखी दोन बदलांचा फटका बसतो. ५.२२ (२०१५) पासून सीजीआय हे मॉड्यूल मूळ वितरणात राहिले नाही, आणि ५.२६ (२०१७) पासून चालू फोल्डर शोधयादीतून सुरक्षेसाठी वगळला गेला. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट यंत्र अद्ययावत केल्याबरोबर बंद पडते, ती बहुधा यामुळे.

सी भाषेतला भाग असलेली मॉड्यूले बसवताना बांधणीचीच अडचण येऊ शकते. कंपायलर (सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कार्यक्रम) नसतो, किंवा कंपायलर असूनही लागणाऱ्या लायब्ररीच्या हेडर फाइली नसतात. त्या डेबियनवर ‘डेव्ह’ आणि रेड हॅटच्या कुळात ‘डेव्हेल’ असा शेवट असलेल्या वेगळ्या पॅकेजांत मिळतात. शेकडो ओळींच्या एररमधली शेवटची ओळ सहसा निरुपयोगी असते. वर सरकत जाऊन पहिली एरर गाठावी, कारण बाकीच्या तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर ‘नो-एक्झेक’ पर्यायासह जोडलेला असेल, तर बांधणीच्या स्क्रिप्ट तिथे चालत नाहीत आणि रूटलाही (यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) परवानगी नाकारली जाते. कमी रॅमच्या यंत्रावर बांधणी मध्येच ‘किल्ड’ एवढाच शब्द टाकून थांबली, तर कोडमध्ये दोष शोधू नये. कर्नलने स्मृती संपल्यामुळे कंपायलर मारलेला असतो. तात्पुरती स्वॅप (डिस्कवरची पूरक स्मृती) जोडली की काम पार पडते.

परवानग्यांचा एक प्रकार विशेष फसवा आहे. रूटचा यूमास्क (नव्या फाइलींच्या कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या ते ठरवणारा आकडा) ०७७ असताना मॉड्यूल बसवले, तर सगळ्या फाइली फक्त रूटला वाचता येतात. रूट म्हणून तपासले की सर्व ठीक. सर्व्हरचा वापरकर्ता (डेबियनवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटवर अपाची) मात्र त्या फोल्डरात डोकावूही शकत नाही, आणि एरर येते ती ‘मॉड्यूल सापडले नाही’ अशीसुद्धा असू शकते. त्याच वापरकर्त्याच्या नावाने कमांड चालवून पाहिली की खरी गोष्ट लगेच उघड होते. मार्गातल्या प्रत्येक फोल्डरावर प्रवेशाची परवानगी लागते, केवळ शेवटच्या फाइलवर ७५५ देऊन भागत नाही. आणि सगळ्याला ७७७ (सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची मुभा) देणे हा उपाय नव्हे. त्या यंत्रावरचा कोणताही वापरकर्ता मग संकेतस्थळाचा कोड बदलू शकतो.

परवानग्या बरोबर असूनही नकार मिळाला, तर एसई-लिनक्स ही फाइलींवरच्या लेबलांनुसार प्रवेश ठरवणारी जादा सुरक्षा-व्यवस्था तपासावी. होम फोल्डरातून फाइल हलवून संकेतस्थळाच्या फोल्डरात आणली की तिच्यावरचे जुने लेबल तसेच राहते. प्रत काढली तर नव्या जागेचे लेबल लागते. लेबल पूर्ववत करणारी ‘रिस्टोअर-कॉन’ ही कमांड अशा वेळी पुरते. मॉड्यूल नीट लोड होऊनही दुसऱ्या यंत्रावरच्या डेटाबेसशी जोडणी नाकारली जात असेल, तर सर्व्हरला बाहेर जोडणी करू देणारे एसई-लिनक्सचे बूलियन (चालू-बंद सेटिंग) बंद आहे का ते पाहावे. नकाराची नोंद ऑडिट लॉगमध्ये असते, अपाचीच्या लॉगमध्ये ती शोधत बसू नये.

छोटा पण तासन्‌तास खाणारा एक दोष ओळींच्या शेवटाचा आहे. विंडोजवर लिहिलेल्या पर्ल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीअखेर एक न दिसणारे अक्षर असते. लिनक्स ते इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजतो, त्या नावाचा इंटरप्रिटर शोधतो, आणि फाइल डोळ्यांसमोर असताना ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर देतो. ओळींचे शेवट युनिक्स पद्धतीचे करून घेतले की दोष नाहीसा होतो.

पायथनमध्ये प्रत्येक प्रकल्पाचे आभासी वातावरण (मॉड्यूलांचा स्वतंत्र संच) वेगळे ठेवण्याची पद्धत आहे. त्यासाठीचे साधन ३.३ (२०१२) पासून भाषेसोबतच येते. मॉड-डब्ल्यूएसजीआय मात्र ज्या पायथन आवृत्तीवर बांधले, तिलाच चिकटलेले असते. दुसऱ्या आवृत्तीचे आभासी वातावरण त्याला दाखवले, तर सी भाषेतली मॉड्यूले लोड होत नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप (पायथनची मॉड्यूले बसवणारा कार्यक्रम) यंत्राच्या मुख्य पायथनमध्ये थेट काही बसवायला नकार देतो आणि वातावरण बाहेरून व्यवस्थापित असल्याचा संदेश दाखवतो. तो नकार मोडण्याचा पर्यायही संदेशातच दिलेला असतो, पण तो वापरू नये: वितरणाच्या पॅकेज व्यवस्थेने आणि भाषेच्या भांडाराने एकाच जागी आपापल्या आवृत्त्या टाकल्या की कोणती फाइल कोणाची हे पुढे कळत नाही, आणि यंत्राची स्वतःची साधनेही त्यात बिघडू शकतात. हीच खबरदारी पर्ललाही लागू आहे. वितरणाकडे मॉड्यूल तयार असेल तर तेच घ्यावे. नवीन आवृत्ती हवीच असेल तर ती वेगळ्या फोल्डरात बसवावी.

या सगळ्या तपासात सर्व्हरचा एरर लॉग हा पहिला साक्षीदार आहे. डेबियनवर तो व्हार-लॉगमधील अपाची-टू या फोल्डरात, रेड हॅटवर एचटीटीपीडी या फोल्डरात सापडतो. एका खिडकीत लॉग सतत उघडा ठेवून दुसरीकडे पान पुन्हा मागवले की नेमकी संबंधित ओळ हाती लागते. सर्व्हर सुरूच होत नसेल, तर कॉन्फिगरेशन तपासणारी कमांड चुकीची ओळ क्रमांकासह सांगते. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर योग्य ती सेवा रिस्टार्ट करावी. मॉड-पर्ल आणि पीएचपीचे ओपी-कॅश जुना कोड स्मृतीत धरून ठेवू शकतात, त्यामुळे केलेली दुरुस्ती न दिसल्याने ती चुकीचीच होती असा समज होतो.

सामायिक होस्टिंगवर रूटचा अधिकार नसतो, तेव्हा मर्यादा वेगळ्या असतात. केवळ पर्लमध्ये लिहिलेली मॉड्यूले स्वतःच्या फोल्डरात ठेवून ‘यूज लिब’ने चालवता येतात, पीएचपीत कम्पोझर या साधनाने आणलेल्या लायब्ररीही तशाच चालतात. सी भाषेतले पीएचपी एक्स्टेन्शन मात्र मुख्य पीएचपी-डॉट-आयएनआयमधूनच लोड होते, वापरकर्त्याच्या फोल्डरातल्या आयएनआय फाइलमधून नाही. तिथे यजमान कंपनीच्या नियंत्रण पॅनेलमध्ये ते एक्स्टेन्शन चालू करण्याची सोय आहे का ते पाहावे, आणि नसल्यास पीएचपीची आवृत्ती, जोडणीची पद्धत आणि एरर लॉगमधली संबंधित ओळ देऊन व्यवस्थापकाकडे लेखी मागणी करावी.