सांख्यिकीय संकेत प्रक्रिया

गोंगाटात, म्हणजे नको असलेल्या यादृच्छिक चढउतारांत, मिसळलेल्या मोजमापांतून हवी ती माहिती संभाव्यतेच्या नियमांनी वेगळी काढण्याचे शास्त्र. इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार व विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हा विषय शिकवला जातो. संस्थेगणिक त्याचे नाव बदलते. भारतात ‘डिटेक्शन अँड एस्टिमेशन थिअरी’ हे नाव बरेच रूढ आहे. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि यादृच्छिक प्रक्रिया यांची तयारी आधी झालेली असावी लागते. ती कच्ची असली की विद्यार्थी अडतो तो बहुधा इथेच.

पदवीच्या वर्गात संकेत (सिग्नल) बहुतेक वेळा ठाऊक असतो. साइन लहर घ्यायची, तिचे फूर्ये रूपांतर काढायचे (म्हणजे तिच्यातल्या वारंवारता वेगळ्या करायच्या), फिल्टर बांधायचा. पदव्युत्तर वर्गात तो ठाऊक नसतो. रडारकडे परतलेला प्रतिध्वनी क्षीण असतो, हृदयाच्या आलेखावर स्नायूंची थरथर चढलेली असते, मोबाइलपर्यंत आलेली लहर वाटेतल्या इमारतींवर आपटून अनेक वाटांनी पोहोचलेली असते. म्हणून नुसते उत्तर देऊन भागत नाही, ते किती चुकू शकते हेही सोबत सांगावे लागते. या विषयाचे खरे मोल या दुसऱ्या मागणीत आहे.

पहिला मोठा भाग एस्टिमेशनचा, म्हणजे अज्ञात राशीचे मूल्य अंदाजण्याचा. समजा, एक स्थिर व्होल्टेज 100 वेळा मोजला. प्रत्येक वाचनातला गोंगाट गाउसीय (घंटेच्या आकाराच्या वक्रानुसार पसरलेला) आणि इतर वाचनांपासून स्वतंत्र असेल, तर सरासरी घेतल्यावर चूक साधारण एक दशांश होते. ती आणखी निम्मी करायची तर 400 वाचने लागतात. अशा गोंगाटात सरासरीहून चांगले काही मिळत नाही. पण गोंगाट एका ठरावीक पट्ट्यात सगळीकडे सारख्याच शक्यतेने पसरलेला असेल, तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनाचा मध्यबिंदू सरासरीला मागे टाकतो. अधूनमधून मोठे झटके देणारा लाप्लास प्रकारचा गोंगाट असेल आणि वाचने भरपूर असतील, तर मध्यक सरस ठरतो. तीच वाचने, तीच राशी, पण गोंगाटाचा स्वभाव बदलला की योग्य कृतीही बदलते.

मग कोणताही अंदाज जास्तीत जास्त किती अचूक होऊ शकतो? याचे उत्तर क्रामेर-राव मर्यादेत आहे, आणि अख्ख्या अभ्यासक्रमाचा कणा तीच आहे. पक्षपात नसलेल्या, म्हणजे सरासरीने खऱ्या मूल्यावरच येणाऱ्या, कोणत्याही अंदाजाचे प्रचरण (त्याचा विखुरलेपणा) फिशर माहितीच्या व्यस्तापेक्षा खाली जाऊ शकत नाही, असे ती सांगते. मोजमापांत अज्ञात राशीबद्दल किती माहिती आहे, याचे माप म्हणजे फिशर माहिती. तिच्यामुळे अभियंत्याला थांबावे कुठे ते कळते. आपली पद्धत मर्यादेला टेकली असेल, तर नवी पद्धत शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा अँटेना मोठा करावा किंवा वाचने वाढवावीत. वर सांगितलेल्या, पट्ट्यात एकसमान पसरलेल्या गोंगाटाला मात्र ही मर्यादा लागू पडत नाही, कारण सिद्धतेतली एक अट तिथे मोडते. हा अपवाद वर्गात मुद्दाम सोडवून घ्यायला हवा.

भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी हा निष्कर्ष 1945 मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. स्वीडनचे हाराल्ड क्रामेर त्याच निष्कर्षापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले होते. राव कलकत्ता विद्यापीठात शिकवत असताना ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा मोठ्या नमुन्यांसाठीचा निष्कर्ष त्यांनी वर्गात सिद्ध केला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, की मर्यादित नमुन्यासाठी असे काही सांगता येईल का? राव यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार हा विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर. हेच दांडेकर पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत गेले आणि नीळकंठ रथ यांच्यासोबत केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासामुळे देशभर ओळखले गेले. आज रडारचा अभियंता जे सूत्र वापरतो, त्यामागे त्यांचा तो प्रश्न आहे.

दुसरा भाग डिटेक्शनचा, म्हणजे संकेत आहे की नाही हे ठरवण्याचा. इथे चुका दोन प्रकारच्या. संकेत नसताना ‘आहे’ म्हटले तर खोटा इशारा, असताना ‘नाही’ म्हटले तर हुकलेला संकेत. एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. संख्याशास्त्रज्ञ नेमन आणि पिअर्सन यांनी 1933 मध्ये वाट दाखवली ती अशी: खोट्या इशाऱ्याची शक्यता आधी ठरवून घ्या, मग ती न ओलांडता संकेत सापडण्याची शक्यता सर्वाधिक करा. संकेताचा आकार माहीत असेल आणि गोंगाट गाउसीय असेल, तर या नियमातून मॅच्ड फिल्टर निघतो. आलेली लहर अपेक्षित आकाराशी ताडून पाहणे हे त्याचे काम.

याचे सर्वांत देखणे उदाहरण गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशालाच ताणणाऱ्या-आक्रसणाऱ्या लहरींचे, आहे. 14 सप्टेंबर 2015 रोजी या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील दोन्ही लायगो वेधशाळांत 4 किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. त्या वेळच्या विश्लेषणात सुमारे अडीच लाख संभाव्य आकारांशी नोंदी ताडल्या गेल्या. असा खोटा इशारा सरासरी 2,03,000 वर्षांत एकदाहूनही कमी वेळा येईल, असे गणित आले, आणि ‘सापडले’ हा शब्द उच्चारायचा आधार हे गणितच होता. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांसाठी असे फिल्टर कसे निवडावेत, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्येच काम प्रसिद्ध केले होते. लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मान्यता दिली.

काळाबरोबर बदलत जाणाऱ्या राशींचा अंदाज करण्यासाठी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी 1940 च्या दशकात सिद्धान्त रचला. वीनर यांच्यापुढे विमानवेधी तोफांचा नेम हा प्रश्न होता. 1960 मध्ये रूडॉल्फ कालमन यांनी नवे वाचन आले की जुना अंदाज सुधारायचा, अशी पायरीपायरीची कृती दिली. सगळा पूर्वेतिहास साठवावा लागत नसल्याने ती अपोलो यानांच्या लहान संगणकातही मावली.

अनेक अँटेनांच्या मदतीने लहरींची दिशा ओळखणे हा साधारण शेवटी येणारा विषय. त्यातली एस्प्रिट ही पद्धत स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड रॉय, आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांनी विकसित केली. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, आणि अभियांत्रिकीची पदवीही तिथल्याच महाविद्यालयातली.

गृहपाठात सिद्धतांइतकेच सिम्युलेशनला महत्त्व असते. हजारो वेळा कृत्रिम गोंगाट निर्माण करून अंदाजांचे प्रचरण मोजायचे आणि ते क्रामेर-राव मर्यादेशेजारी आलेखावर मांडायचे. गोंगाट वाढत गेला की एका टप्प्यानंतर दोन्ही रेषा अचानक दूर होतात. त्या उंबरठ्यापलीकडे पद्धत वापरण्याजोगी राहत नाही.