फरशीच्या खालच्या बाजूला

तळहाताएवढी, भाजक्या मातीची, झिलई नसलेली फरशी. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीवर प्रवाळांचा विणीचा हंगाम तोंडावर आला की शास्त्रज्ञ अशा फरशा समुद्रतळाच्या खडकावर बसवून येतात आणि काही आठवड्यांनी काढून आणतात. ब्लीचमध्ये बुडवल्यावर वरचं शेवाळ आणि मऊ मांस निघून जातं. मग फरशी उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. कडेच्या खोबणीत चुन्याची पांढरी वाटी दिसते, जेमतेम मिलिमीटरभर रुंद, आत चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे. हे प्रवाळाच्या एका पिल्लाचं घर. शास्त्रज्ञ एकेक वाटी मोजत बसतात.

पोवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतला लाल खडा येतो. तो मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्याच प्रवाळाचा. भित्ती बांधणारे प्रवाळ ते नव्हेत. ग्रेट बॅरिअर रीफवरचे कितीतरी जातींचे प्रवाळ वर्षाच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत, एकदमच बीजांडं आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या सोडतात. हा सोहळा शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला तो थेट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला! फलित बीजांडातून निघालेली अळी काही दिवस पाण्यात तरंगते आणि मग तळाशी उतरून जागा शोधू लागते. खडकावर चढलेला गुलाबी, चुनकट शेवाळाचा थर तिला मानवतो. त्याच्या आणि त्यावरच्या जिवाणूंच्या रसायनांचा माग काढत ती चिकटते आणि तिचा पॉलिप, म्हणजे एका जागी खिळलेला इवलासा प्रवाळजीव, होतो. त्यानंतर मात्र जागा बदलता येत नाही.

आणि इथेच खरी गोची आहे. पिल्लू उघड्यावर बसलं तर ऊन भरपूर मिळतं. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्या उन्हावर अन्न बनवतं, त्यामुळे वाढ जोमाने होते. पण पोपटमासा शेवाळ खरवडताना पिल्लालाही चोचीत घेऊन जातो. त्याच्या लेखी तो शेवाळाचाच एक घास. कपारीत लपलं तर चोच पोचत नाही, पण ऊनही पोचत नाही, आणि वरून गाळ साचतो. पहिल्या वर्षात बहुतेक पिल्लं मरतात. दहातली नऊ गेली तरी जाणकारांना नवल वाटत नाही.

बरं, पोपटमाशाला हाकलून तरी भागेल का? नाही. १९८३ साली कॅरिबियन समुद्रात शेवाळ चरणाऱ्या, लांब काट्यांच्या सी-अर्चिन या समुद्रजीवांवर रोग पडला आणि वर्षभरात बहुतेक सगळे मेले. जमैकाच्या आसपास शेवाळ खाणारे मोठे मासे माणसांनी आधीच पकडून संपवत आणले होते. चरणारं कुणी उरलं नाही, शेवाळ माजलं आणि नव्या पिल्लांना टेकायला मोकळा खडक राहिला नाही. ज्याच्या तोंडून पिल्लू वाचायला हवं, त्यानेच जागा साफ ठेवायची, असा हा संसार!

यातून सुटका होते ती आकाराने. एकटा पॉलिप संपवायला एकच घास पुरतो. पॉलिप विभागून त्यांची दाट वसाहत झाली की लचका तुटला तरी उरलेले पॉलिप जखम भरून काढतात. म्हणून पहिले काही सेंटिमीटर किती लवकर गाठले जातात, यावर सारं अवलंबून असतं.

२०१६ आणि २०१७ साली लागोपाठ पाणी तापलं आणि ग्रेट बॅरिअर रीफवरचे असंख्य मोठे प्रवाळ मेले. २०१८ साली फरशा मोजल्या तेव्हा पिल्लं पूर्वीच्या मानाने ८९ टक्क्यांनी कमी भरली. जागा होती, पण वीण घालणारेच घटले होते.

आता प्रयोगशाळेत पिल्लं वाढवून, खाचा पाडलेल्या सिरॅमिकच्या तुकड्यांवर बसवून ती समुद्रात सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. सगळी कारागिरी त्या खाचेत आहे. उथळ ठेवली तर पोपटमासा पोचतो, खोल केली तर अंधार.