आर्क्टिक साहसाध्ययन

आर्क्टिक प्रदेशात कुत्री जुंपलेल्या, बर्फावरून घसरणाऱ्या स्लेजगाड्यांनी फिरणारे पथक आणि दूरवरच्या शाळांमधील वर्ग यांना इंटरनेटद्वारा जोडणारी अध्यापनपद्धती. पथक वाटेत केलेली निरीक्षणे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व स्थानिकांच्या मुलाखती पाठविते. वर्गात त्याच आठवड्यात त्याच विषयावरील पाठ चालू असतात. ॲडव्हेंचर लर्निंग या संज्ञेसाठी येथे साहसाध्ययन हा शब्द योजला आहे. ही पद्धती वाळवंटात किंवा नदीप्रवासातही वापरता येते, तथापि तिची घडण मुख्यतः आर्क्टिकमध्ये आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील शिक्षक, संशोधक व स्लेजचालक यांच्या हातून झाली.

संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. शिक्षणशास्त्रीय लेखनात तिचे जनकत्व बहुधा मिनेसोटा विद्यापीठातील एरन डोअरिंग यांना दिले जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात या पद्धतीची तत्त्वे प्रथम सूत्ररूपाने मांडलेली आढळतात. हे मान्य केले, तरी शब्द त्याआधीचा आहे. ध्रुवप्रवासी विल स्टेगर यांच्या पुढाकाराने १९९० नंतरच्या काही वर्षांत मिनेसोटातच निघालेल्या एका उपक्रमाच्या नावात ‘ॲडव्हेंचर लर्निंग’ हे शब्द होते. प्रत्यक्ष व्यवहार आणखी मागे नेता येतो. स्टेगर यांच्या १९८९-९० मधील अंटार्क्टिका-पार मोहिमेचा (२२० दिवस, सु. ६,००० किमी.) मागोवा शाळकरी मुले वृत्तपत्रांतून आणि छापील पाठांतून घेत होती. १९९५ मध्ये स्टेगर यांचे पथक सायबीरियाच्या बाजूने निघून उत्तर ध्रुवावरून कॅनडाच्या एल्झमीर बेटाकडे गेले, तेव्हा मोहिमेचा वृत्तांत संगणकजालावरून वर्गांपर्यंत जात होता. काही अभ्यासक सुरुवात इथून धरतात. समुद्रशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅलार्ड यांचा १९८९ मधील जेसन प्रकल्प समुद्रतळाचे दृश्य थेट विद्यार्थ्यांना दाखवी, म्हणून त्यालाच आद्य मानणारेही आहेत. परंतु त्यात स्लेज नाही आणि महिनोन्महिन्यांचा प्रवासही नाही. व्यवहार १९९० च्या दशकातला आणि सिद्धांत २००६ चा, अशी विभागणी केल्यास वादाचा बराचसा भाग उरत नाही.

ही पद्धती अंटार्क्टिकाऐवजी आर्क्टिकमध्ये का रुजली, याचे एक साधे कारण कायद्यात आहे. अंटार्क्टिक कराराच्या १९९१ मधील पर्यावरण-संरक्षणविषयक पुरवणी-करारानुसार त्या खंडावरील सर्व कुत्री १९९४ च्या एप्रिलपर्यंत हलवावी लागली. त्यानंतर स्लेजला कुत्री जुंपून ध्रुवीय प्रवास करण्यास उत्तर गोलार्धच उरला. तेथेही सर्वत्र मुभा नाही : ग्रीनलंडच्या स्लेजकुत्र्यांच्या पट्ट्यात स्थानिक जातीखेरीज अन्य कुत्री नेण्यास मज्जाव आहे.

सिद्धांताला आधार ठरलेली मोहीम ‘आर्क्टिक ट्रान्सेक्ट २००४’ ही होय. कॅनडातील येलोनाइफपासून बॅफिन बेटाच्या उत्तरेकडील पाँड इनलेटपर्यंत सु. ४,८०० किमी. चा हा प्रवास जवळजवळ सहा महिने चालला. विषय होता १९९९ मध्ये अस्तित्वात आलेला कॅनडाचा नुनाव्हुट प्रदेश. स्टेगर, डोअरिंग, पॉल प्रेगाँट आणि डॅनिश स्लेजचालक मिले पोर्शिल हे तीत होते. तिच्या अनुभवातून ‘गोनॉर्थ’ ही मालिका उभी राहिली. आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान, अलास्का (२००६), रशियाच्या ईशान्य टोकाचा चुकोत्का (२००७), उत्तर युरोपातील फेनोस्कँडिया (२००८), नुनाव्हुट (२००९) व ग्रीनलंड (२०१०) असे तिचे टप्पे. दर वर्षी एक प्रदेश, तेथील एक समाज आणि एक पर्यावरणीय प्रश्न घ्यावयाचा, अशी तिची रचना होती. अलास्कात खनिज तेलाचे उत्खनन आणि कॅरिबूंवर (उत्तर अमेरिकेतील रेनडिअरांवर) जगणारे ग्विचिन लोक हा तो प्रश्न होता. शाळांना अभ्यासक्रम विनामूल्य मिळे.

तांत्रिक बाजू अनेकदा दोन वाक्यांत संपविली जाते, पण ती समजल्याखेरीज पाठांची घडण कळत नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सु. ३६,००० किमी. उंचीवर असतात. सु. ८१° अक्षांशापलीकडे ते क्षितिजाखाली जातात आणि व्यवहारात त्यांचा भरवसा ७५° च्या आसपासच सुटतो. पाँड इनलेट सु. ७२.७° उत्तर अक्षांशावर आहे. तेथून असा उपग्रह फार तर क्षितिजाच्या ९° वर दिसणार, म्हणजे एखादी टेकडी मध्ये आली की संपर्क तुटला. सु. ७८० किमी. उंचीवरून ध्रुवांजवळून फिरणाऱ्या ६६ उपग्रहांच्या इरिडियम जाळ्याने ही अडचण दूर केली. त्याची सेवा १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, वर्षभरात कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००१ मध्ये सेवा पुन्हा चालू झाली. २००४ ची मोहीम यानंतरची आहे, हा निव्वळ योगायोग नसावा. मात्र इरिडियम फोनवरून माहिती जाण्याचा वेग सेकंदाला २.४ किलोबिट एवढाच होता (एक बाइट म्हणजे आठ बिट). ३० किलोबाइटांच्या लहान छायाचित्राला, मध्ये काही खंड पडला नाही तर, शंभर सेकंद लागत. ३०० किलोबाइटांच्या छायाचित्राला पाव तासाहून अधिक. तंबूतून जाई तो मजकूर, आवाज आणि अगदी लहान चित्रे, ती याच कारणाने. सध्याच्या चलच्चित्रांच्या सवयीने त्या काळची पाने पाहणाऱ्यास ती रुक्ष वाटतात, हे यासंदर्भात ध्यानात घ्यावे. थंडीत बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते, म्हणून ती कपड्यांच्या आत किंवा झोपण्याच्या पिशवीत अंगाशी ठेवतात. बाहेर गारठलेला संगणक एकदम उबदार तंबूत आणल्यास त्यात दव धरते. सौरपट्ट वसंतात उपयोगी पडतात. डिसेंबरात येलोनाइफला दिवस पाचच तासांचा असतो.

डोअरिंग यांनी २००६ मध्ये सात तत्त्वे सांगितली. शोधप्रवण व संशोधनाधिष्ठित अभ्यासक्रम, विद्यार्थी-तज्ज्ञ-सहाध्यायी यांचे सहकार्य, इंटरनेटचा वापर, क्षेत्रातून वेळेवर येणारे साहित्य, मोहीम व पाठ यांचे कालैक्य (दोन्ही एकाच वेळी चालणे), शिक्षकांसाठी मार्गदर्शन आणि साहसाचा पाया अशी ती आहेत. पुढे प्रश्न व स्थळ यांची निवड आणि तेथील पर्यावरण, लोक व संस्कृती यांचा शोध ही दोन जोडली गेली. यांतील कालैक्याचे तत्त्व सर्वांत कळीचे मानावे लागेल. अभ्यासक्रम मोहीम निघण्यापूर्वीच लिहून तयार असतो. वादळ, पातळ बर्फ, आजारी कुत्रा यांमुळे पथक मागे पडले की पाठ आणि प्रवास यांची फारकत होते. सहल-वृत्तांत आणि साहसाध्ययन यांत फरक करणारी गोष्ट हीच. पथकाने रोजनिशी जालावर टाकली एवढ्याने ते साहसाध्ययन होत नाही.

कुत्री हा मुलांच्या आकर्षणाचा मुख्य विषय. ‘गोनॉर्थ’चे संकेतस्थळच ‘पोलर हस्की’ (हस्की म्हणजे स्लेज ओढणारा कुत्रा) या नावाने होते. समुद्रबर्फावर प्रत्येक कुत्रा स्वतंत्र दोरीने पंख्यासारखा जुंपतात, तर झाडीतून जाताना मधल्या दोरीला दोन-दोनच्या जोड्या. खडतर कामात एका कुत्र्याला दिवसाला १०,००० किलोकॅलरींपर्यंत अन्न लागू शकते. गणिताच्या पाठाला हा मजकूर आयताच मिळतो.

याच ठिकाणी पद्धतीची दुखरी बाजूही आहे. दक्षिणेतून आलेले पथक कुत्र्यांची गाडी हाकीत जाते त्या गावांत इन्यूइट (तेथील मूळ रहिवासी) कुटुंबे बहुधा मोटारस्लेज वापरतात. हा बदल सर्वस्वी स्वेच्छेचा नव्हता. १९५० ते १९७५ च्या दरम्यान पूर्व आर्क्टिकमध्ये पोलीस व अधिकारी यांनी इन्यूइटांची स्लेजकुत्री मोठ्या संख्येने मारली. किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने २०१० मध्ये त्याचा अहवाल दिला आणि कॅनडा सरकारने २०१९ च्या ऑगस्टमध्ये इकालुइट येथे माफी मागितली. इन्यूइटांचा स्लेजकुत्रा, म्हणजे किमिक, हा नुनाव्हुटचा अधिकृत प्राणी आहे. हा इतिहास वगळून हस्कीची गोडगोड ओळख करून देणे अपुरे ठरते. स्टेगर यांच्या २००७ मधील बॅफिन बेटावरील हवामानबदल-मोहिमेत इन्यूइट शिकारी बरोबरीने स्लेज हाकीत होते आणि बर्फाविषयी तेच बोलत होते. या दृष्टीने ती मोहीम अधिक समाधानकारक म्हणता येईल.

समांतर उपक्रमांत अलास्कातील इडिटारॉड शर्यतीचा (१९७३ पासून, अँकरिज ते नोम, सु. १,६०० किमी.) उल्लेख करावयास हवा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दर वर्षी एक निवडक शिक्षक विमानाने ठाण्याठाण्यांवर जाऊन तेथून पाठ पाठवितो. डेव्ह व एमी फ्रीमन या दांपत्याने २०१०-१३ मध्ये कयाक व कनू या वल्ह्यांच्या होड्या आणि स्लेज यांनी उत्तर अमेरिकेत सु. १८,८०० किमी. प्रवास करून शाळांशी संपर्क ठेवला. २००७ पासून चालू झालेल्या पोलरट्रेक योजनेत शिक्षक शास्त्रज्ञांच्या तळावर राहत; तीत स्लेज क्वचितच.

परिणामांविषयीचे संशोधन प्रामुख्याने अमेरिकी वर्गांतील आहे आणि त्यातील बरेचसे या उपक्रमांच्या रचनाकारांनी किंवा त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले आहे. मुलांची उत्सुकता वाढते यावर बहुतेकांचे एकमत दिसते. विषयज्ञानातील वाढीबाबत निष्कर्ष अधिक सावध असून, शिक्षकाने मोहीम आपल्या पाठात कितपत गुंफली यावर ते अवलंबून राहतात. सहभागी विद्यार्थ्यांचे लक्षावधींचे आकडे प्रसारसाहित्यात आढळतात. संकेतस्थळावर नाव नोंदविणे आणि सहा महिने मोहिमेबरोबर राहणे यांत भेद न करणारे आकडे जपूनच घ्यावेत.