हॅरोल्ड बेन्स आणि एडगर मार्टिनेझ: आकडा कुणाचा मोठा आणि खेळाडू कोण मोठा

"अरे तो बावीस सीझन खेळला, अजून काय करायला पाहिजे होतं त्याने?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं, हॅरोल्ड बेन्सचं नाव येणार. आणि गंमत म्हणजे इथे अमेरिकेत आल्यावर बेसबॉलच्या नादाला लागलेली आपली मराठी मंडळी यात सगळ्यात पुढे. क्रिकेटवर वाढलेला माणूस, त्याला एकूण आकडा दिसला की पुढचं काही दिसतच नाही.

तर हॅरोल्ड बेन्स आणि एडगर मार्टिनेझ. दोघंही करिअरचा मोठा भाग डीएच, म्हणजे फिल्डिंग करायची नाही, फक्त बॅटिंगला यायचं. दोघंही शांत, भांडण नाही, लफडं नाही. आणि दोघंही एकाच दिवशी, २१ जुलै २०१९ ला, कूपर्सटाउनमध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले. त्यामुळे लोक दोघांना एकाच माळेचे मणी समजतात, आणि त्यातही बेन्सला जरा मोठा मणी, कारण हिट्स (बॉल मारून बेसवर पोचला अशा वेळा) २८६६ विरुद्ध २२४७, होमरन ३८४ विरुद्ध ३०९, आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या धावा) १६२८ विरुद्ध १२६१. सगळीकडे बेन्स पुढे. विषय संपला?

नाही ना संपला. हॉल ऑफ फेमसाठी मतं देणाऱ्या ज्या बेसबॉल लेखकांना दोघांसाठीही मत द्यायची संधी होती त्यांनी एडगरला शेवटी ८५.४ टक्के दिले आणि बेन्सला कधी ६.१ च्या वर जाऊ दिलं नाही.

प्रोसेस पटकन सांगतो, यात कुणी फारसं अडखळत नाही. किमान दहा सीझन खेळलेला पाहिजे, रिटायर होऊन पाच वर्षं झालेली पाहिजेत, मग बेसबॉल रायटर्स मतं देतात. ७५ टक्के मिळाले की आत, ५ च्या खाली गेलात की यादीतूनच बाहेर, आणि आता जास्तीत जास्त दहा वर्षं नाव राहतं. एडगर बरोब्बर दहाव्या, शेवटच्या वर्षी आत गेला. बेन्स २०११ मध्ये ४.८ वर घसरून बाहेर पडला. नंतर राहून गेलेल्यांसाठी सोळा जणांची कमिटी बसते, बारा मतं लागतात, आणि डिसेंबर २०१८ मध्ये बेन्सला बरोब्बर बारा मिळाली. त्या कमिटीत टोनी ला रुसा होते, ज्यांच्या हाताखाली तो शिकागो आणि ओकलंड दोन्हीकडे खेळला, आणि व्हाइट सॉक्सचे, म्हणजे त्याच्या शिकागोच्या टीमचे, मालक जेरी राइन्सडॉर्फ पण होते. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

आता खरा घोळ कुठे होतो ते बघू.

ट्वेंटी-२० घ्या, ते सगळ्यांना कळतं. एकाने ५५ बॉलमध्ये ६० केले, दुसऱ्याने ३० बॉलमध्ये ५०. स्कोअरकार्डवर ६० मोठे दिसतात. पण मॅच बघितलेला कोणीही सांगेल की पहिल्याने बॉल खाल्ले, आणि बॉल १२०च असतात. हे आपल्याला न शिकवता कळतं. मग बेसबॉलमध्ये का कळत नाही? कारण तिथे बॉल मोजायचे नसतात, आउट मोजायचे असतात. नऊ इनिंग, प्रत्येकी तीन, एकूण २७ आउट. तेवढीच टीमची पुंजी. बॅटर आउट झाला म्हणजे त्या पुंजीतला एक खर्च झाला, आणि तो स्वतः मात्र थोड्या वेळाने नंबर आला की परत बॅट घेऊन हजर. क्रिकेटमध्ये आउट झालेला पॅव्हिलियनमध्ये जाऊन बसतो म्हणून आपल्याला वाटतं की ज्याने जास्त धावा जमवल्या तो जास्त टिकला. इथे टिकायला काही लागत नाही, कोचने लाइनअपमध्ये नाव लिहिलं की झालं, संधी येतच राहते. बावीस सीझन नाव लिहिलं गेलं तर हिट्सचा ढीग साचणारच.

तो ढीग केवढ्याला पडला ते बघायला मी एक साधी वजाबाकी करतो, कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. बेन्सच्या करिअरमधून एडगरचं अख्खं करिअर वजा करा. बेन्सचे ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या, वॉक वगैरे सोडून) ९९०८, एडगरचे ७२१३, फरक २६९५. हिट्सचा फरक ६१९. म्हणजे बेन्सकडे जे "जास्तीचं" आहे, ज्याच्या जोरावर लोक त्याला मोठा म्हणतात, ते २६९५ ॲट-बॅटमध्ये ६१९ हिट्स. ॲव्हरेज काढा, म्हणजे हिट्स भागिले ॲट-बॅट, .२३०! फिल्डिंग न करणारा डीएच .२३० ने खेळायला लागला तर महिन्याभरात त्याच्या जागी दुसरा कोणी दिसतो. त्या ६१९ हिट्ससाठी दोन हजारांहून जास्त वेळा तो हिटशिवाय परत गेला. त्यात ७५ होमरन जास्तीचे आहेत, ते मान्य, ते त्याच्याकडून काढून घेत नाही. पण भाव बघा ना किती पडला.

आणि वॉक तर अजून मोजलेच नाहीत. पिचरने चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, आणि बॅटिंग ॲव्हरेजमध्ये हे धरतच नाहीत, ना हिट ना ॲट-बॅट. क्रिकेटवाला बेन्सचा .२८९ आणि एडगरचा .३१२ बघतो आणि म्हणतो एवढा काही फरक नाही राव. ॲव्हरेजवर अजूनही जीव टाकणाऱ्यांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, अर्धा खेळ झाकून ठेवणारा आकडा आहे तो. एडगरने बेन्सपेक्षा २४०० हून जास्त वेळा कमी प्लेटवर (म्हणजे बॅटिंगला) येऊन २२१ वॉक जास्त काढले. वॉक धरून जो आकडा निघतो तो ओबीपी, शंभरातून किती वेळा आउट न होता बेसवर पोचला. बेन्स .३५६, एडगर .४१८. सीझनमध्ये सहाशे वेळा प्लेटवर आलात तर हा फरक ३७ वेळांचा होतो. दर वर्षी ३७ आउट वाचवले, म्हणजे अख्ख्या टीमचे एका मॅचचे आउट आणि वर दहा. एका माणसाने!

आरबीआयबद्दल फार बोलत नाही, तुमच्या पुढचे लोक बेसवर असतील तर आरबीआय मिळतात, नसतील तर घंटा. (आणि तोच आकडा प्यारा असेल तर २००० साली, ३७ व्या वर्षी, अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त आरबीआय एडगरचेच होते, १४५.)

मग एडगरचा एकूण आकडा छोटा का? कारण त्याला रोज खेळायला मिळालं तेच १९९० मध्ये, वय २७. बेन्स २१ व्या वर्षी सुरू झाला होता, १९७७ च्या ड्राफ्टमधला (टीम नवे खेळाडू निवडतात तो) पहिलाच पिक. सहा वर्षांचा हेडस्टार्ट. तरी एडगरला "छोट्या करिअरवाला" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो, १८ सीझन आणि २०५५ मॅचेस याला छोटं म्हणत नाहीत. ब्रॅडमनच्या ६९९६ धावा कुणाला कमी वाटतात का?

आता बेन्सच्या बाजूने. इतकी वर्षं टिकणं हे काहीच नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही. गुडघ्यांनी १९८६ पासून दगा दिला, तरी हा माणूस १९९९ मध्ये, चाळिशीत, .३१२ ॲव्हरेजने खेळतो आणि २५ होमरन मारतो, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. १९८४ मध्ये मिलवॉकीविरुद्धची २५ इनिंगची मॅच, आठ तासांवर चाललेली, त्याच्याच होमरनने संपली. व्हाइट सॉक्सने तर तो दुसऱ्या टीमकडून खेळत असतानाच त्याचा ३ नंबर रिटायर केला, म्हणजे तो नंबर पुढे दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. शिकागोच्या माणसाने त्याचा फोटो भिंतीवर लावावा, मी नाही म्हणणार नाही. पण बावीस सीझनमध्ये मोठ्या आकड्यांपैकी लीगमध्ये पहिला तो एकदाच, १९८४ मध्ये स्लगिंगमध्ये (दर ॲट-बॅटमागे मारून किती बेस मिळवले तो आकडा). एडगर ॲव्हरेजमध्ये दोनदा पहिला, ओबीपीमध्ये तीनदा, आणि दर वर्षी बेस्ट डीएचला जो अवॉर्ड देतात त्याला नावच एडगरचं. वॉर नावाचा एक आकडा आहे (लढाईशी संबंध नाही), मायनर लीगमधून सहज उचलून आणलेल्या खेळाडूपेक्षा तुम्ही टीमला किती मॅच जास्त जिंकून दिल्या ते सांगतो. एडगर ६८, बेन्स जेमतेम ३९.

"पण माणूस किती चांगला" हे ऐकलं की मी विषय बदलतो. चांगला आहेच, एडगर काय वाईट आहे?

आणि शेवटचा वैताग म्हणजे "बेन्स आहे मग अमका का नाही". कमिटीने ही खिडकी उघडून ठेवली आणि आता त्यातून कुणालाही आत ढकलायला बघतात. परवा एकाने जॉनी डेमन आणला, २७६९ हिट्स, बेन्सपेक्षा फक्त ९७ कमी, शिवाय सेंटर फिल्डला उभा राहायचा, बेस पळायचा, वॉरमध्ये बेन्सच्या बराच पुढे. लेखकांनी २०१८ मध्ये पहिल्याच वर्षी १.९ टक्के देऊन घरी पाठवला. मी म्हटलं हो, डेमन बेन्सपेक्षा चांगला होता, आणि तरी तो आत नको. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.