जनसुनावणीत विरोध केला की नाव गुपचूप कंपनीकडे जातं?

कऱ्हाड-पाटणकडे वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: खाणीच्या जनसुनावणीत विरोध केला की गुप्तवार्तावाले नाव कंपनीला देतात, मग पासपोर्ट अडतो.

मुळात सुनावणी उघडच असते. पर्यावरण मंजुरीसाठीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार (ईआयए) तिचं चित्रीकरण होतं, हजेरीची यादी इतिवृत्ताला जोडतात. कंपनीचा माणूस समोरच असतो. हरकतींना उत्तर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. नाव कळतं, पण सगळ्यांदेखत. आंदोलकांवरची पाळत हा वेगळा, गंभीर प्रश्न आहे. इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लावावं लागतं. जाऊन वाचा, आपलं म्हणणं नीट उतरलंय का, तेही बघा. हे फार थोडे करतात.

कोर्टात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानं पासपोर्ट अडू शकतो. हरकत घेणं हा गुन्हाच नाही. समोर बोलायचं नसेल तर लेखी हरकतही चालते.