होम कलेक्शनचं काम: पात्रता, कागदपत्रं आणि पेशंटच्या घरातली पद्धत

मुंबईत घरी जाऊन रक्त घेण्याच्या कामाबद्दल पुष्कळ मुलं-मुली विचारतात. त्यांच्यासाठी, आणि घरी माणूस बोलावणाऱ्या कुटुंबांसाठीही ही माहिती.

पात्रता म्हणजे बारावी सायन्सनंतर मान्यताप्राप्त संस्थेतून केलेला डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) किंवा लॅब टेक्नॉलॉजीची पदवी. सोबत महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी करून घ्या. 'आधी नोकरी लागू दे, मग बघू' असं करू नका. लॅबमध्ये अर्ज देताना दहावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र, आधार, फोटो आणि असेल तर अनुभवाचं पत्र जवळ ठेवा. हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंदही जोडा. पहिल्या डोसनंतर १ आणि ६ महिन्यांनी पुढचे दोन, असे तीन डोस असतात. लस न घेता सुई हातात धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

कुटुंबाने डॉक्टरांची चिठ्ठी, पेशंटचं ओळखपत्र आणि चालू गोळ्यांची यादी काढून ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगावं. उपाशीपोटी शुगरसाठी किमान ८ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं.

घरात शिरल्यावर पहिलं काम नाव विचारण्याचं. गिरगावातल्या एका चाळीत मी आजींना त्यांचं नाव घेऊन 'तुम्हीच ना?' असं विचारलं. त्या हो म्हणाल्या. पट्टा बांधला, शीर सापडली, तेवढ्यात सून आतून धावत आली. चिठ्ठी शेजारच्या खोलीतल्या जाऊबाईंची होती. आजींना ऐकूच कमी येत होतं. तेव्हापासून मी 'तुमचं पूर्ण नाव आणि वय सांगा' एवढंच म्हणते आणि चिठ्ठीशी ताडून बघते. लेबल रक्त घेतल्यावर, पेशंटसमोरच लावायचं. आधी लावलेल्या ट्यूब दोन घरांत अदलाबदल होतात, आणि जिन्यात उतरून लावलेल्या लेबलवर तर माझा विश्वासच नाही.

पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. स्पिरिट वाळू द्यावं, पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावू नये. डायलिसिससाठी ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडलेली असते, त्या फिस्टुलाच्या हातातून रक्त घ्यायचं नाही. ट्यूब टोपणाच्या रंगाप्रमाणे क्रमाने भरायच्या: आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळी ८-१० वेळा अलगद उलटसुलट करावी, जोरात हलवू नये. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर माफी मागून दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवावं.

सुईला टोपण पुन्हा लावू नका. ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका आणि डबा लॅबमध्ये परत न्या. पेशंटच्या घरच्या कचऱ्यात सुई गेली, तर सकाळी तो कचरा उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात घुसते. ट्यूब थंड पेटीत उभ्या ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका. पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं.

चुकून स्वतःला सुई टोचली तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच लॅबला कळवा आणि सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, म्हणून उरलेल्या घरांची यादी सहकाऱ्याकडे सोपवून आधी तिकडे निघा.